मंगळावरच्या पुस्तकाला लागलेला चीक

केळीचा चीक निघताना पाण्यासारखा दिसतो. कपड्यावर पडला की दोन दिवसांनी काळा होतो आणि कपडा फाटेपर्यंत जात नाही. रावेरला पॅकिंगच्या शेडमध्ये इतकी वर्षं फण्या धुते आहे, मला हे माहीत होतं. पण कागदाचं डोक्यातच आलं नाही.

चीक चिकटू नये म्हणून आम्ही बायका कामाआधी हाताला खोबरेल लावतो. त्या आठवड्यात मी लावलं नाही. वाचनालयाच्या कादंबरीवर तेलाची बोटं उमटतील म्हणून. जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन, पुसून वाचायचे. शेजारची म्हणायची, "काय व, तुले चंद्रावर काम लागलं का?"

हो, तिथे खोकी हलकी लागतात, असं मी मनात म्हणायचे. मोठ्यानं जमत नाही.

अलीकडे मी विज्ञानाच्याच कादंबऱ्या आणते. एकीत माणसं शेकडो वर्षं झोपून दुसऱ्या ताऱ्यावर जातात. उठल्यावर त्यांनी आधी काय खाल्लं, ते लिहिलंच नाही. दुसरीत सगळी कामं यंत्रं करतात आणि माणसं आनंदात राहतात. ते मला पटलं नाही. आमच्याकडे वजनाचं यंत्र आलं त्या दिवशी दोघींना घरी पाठवलं. त्या काही आनंदात गेल्या नाहीत. तिसरी मंगळावरची, ती सगळ्यात आवडली. फक्त त्यातला माणूस मंगळावर केळीचं बी पेरतो. ते पान मी चार वेळा वाचलं.

परत द्यायला काढली तर पानापानावर काळी बोटं. पुस्तक खराब केलं तर कार्ड बंद, असा नियम भिंतीवर लिहिलेला आहे. चौथीनंतर पुस्तक हातात आलं ते या कार्डामुळेच. चार दिवस ती कादंबरी गव्हाच्या कोठीवर ठेवली. तिच्याकडे बघवेना. मग गेले.

वाचनालयाच्या नानांनी पुस्तक उघडलं. "अक्का, हा चीक ना?"

मी मान हलवली.

ते पानं उलटत गेले. "सगळीकडे एकेक बोट आणि इथे अख्खा पंजा. इथे काय झालं?"

"नाना, तो केळीचं बी पेरतो. आपल्या केळीला बी नसतं. कंद लावतात, नाहीतर रोप."

त्या खोलीत मी एवढं कधी बोलले नव्हते. पेपर वाचणाऱ्या एकानं वर पाहिलं.

नानांनी ते पान वाचलं. "खरंच की. एवढ्या जणांनी नेलं, कोणी बोललं नाही." मग माझं कार्ड त्यांनी खणात टाकलं. "डागाचं समितीपुढे ठेवावं लागेल. शनिवारी बैठक आहे. हे बियांचं तेवढं अभिप्रायाच्या वहीत लिहा."

मी तीन ओळी लिहिल्या. घरी आल्यावर वाटलं, पुस्तक खराब करून वर चूकही काढते, असं समितीला वाटलं तर? त्या ओळी आता खोडताही येत नाहीत.

आज गुरुवार. सकाळी हाताला तेल लावलं. सुट्टीत रिकामी बसले होते.

"आज परत आली का व चंद्रावरून?" शेजारचीनं विचारलं.

"शनिवारी कळेल," मी म्हटलं. या वेळी मोठ्यानं.