मांडूच्या उतारावर अनूची गाडी

सुताराच्या पडवीत भुसा रोज झाडला तरी साचतोच. किस्स्यांचं तसंच आहे. माझ्याकडे साचलेत ते सगळे आमच्या घरातले, आणि सगळे एकाच गाडीचे. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिताना चुकेन. ज्याला खपत नसेल त्याने वाचू नये.

*

आमचं दुकान शिरपूरला. पूर्वी बैलगाड्या करायचो, आता दारं-खिडक्या. पण पांगुळगाडा लोक अजून माझ्याकडूनच नेतात. तीन चाकं आणि धरायला आडवा दांडा. पोर धरून उभं राहतं, ढकलतं, चालायला लागतं. माझ्या नातीसाठी, अनूसाठी, मी तीन गाडे केले. एक सागाचा, दोन बाभळीचे. ती दांडा घट्ट धरायची. पाय उभे राहायचे नाहीत.

धुळ्याच्या डॉक्टरने सगळं तपासलं आणि सांगितलं, "आबा, ही पोरगी चालणार नाही."

मी म्हटलं, "चाकं मोठी लावून बघतो."

डॉक्टरने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला.

*

अनू चार वर्षांची झाली तेव्हा युवराजने, म्हणजे माझ्या मुलाने, मोठी बाबागाडी आणली. शेजारचा नाना बघायला आला. माझ्याच वयाचा, जिभेला हाड नाही.

"बठ्ठं गाव तुना गाडावर चालाले शिकनं," तो म्हणाला, "नि तुनी नात बठेल शे?"

सगळं गाव माझ्या गाड्यावर चालायला शिकलं आणि माझीच नात बसलेली, असं तोंडावर म्हणणाऱ्याला चहा न देता घालवला. पण गाडीला मीही दोन महिने हात लावला नाही. बसायची गाडी धरली म्हणजे पोरीचे पाय मी सोडून दिले, असं वाटायचं.

*

मग सून ज्योती म्हणाली, सगळे मांडूला जाऊ.

"डोंगरावरचं जुनं शहर ते," मी म्हटलं. "चढ, दगड, पायऱ्या. गाडीतल्या पोरीला तिथं काय दाखवशील?"

"तुम्हाला दिसेल तेच, आबा. डोळे चांगले आहेत तिचे."

सून माझ्याशी असं कधी बोलत नाही. मी गुपचूप जीपमध्ये जाऊन बसलो.

*

मांडूत पहिल्याच उतारावर युवराजने अनूची गाडी सरळ पुढे घातली. फरशी उखडलेली. पोरगी सुपातल्या दाण्यासारखी उडत होती.

"गाढवा, भरली गाडी उतारावर अशी सोडतात का? उलटी फिरव. तू खाली राहा. वजन छातीवर घे."

त्याला जमेना. शेवटी दांडा मीच धरला. पुढचं एक चाक डुगडुगत होतं. तिथंच रस्त्यात बसलो, उपरण्याची चिंधी फाडली आणि पाचर मारली. मग दिवसभर दांडा कुणाला दिला नाही.

*

महालाच्या पायऱ्यांशी पहारेकरी म्हणाला, "बाबूजी, बच्ची को उतारो. इतनी बड़ी है, चलने दो."

मी म्हटलं, "सोई है."

"मी जागी आहे," अनू म्हणाली.

मला खाली बघवेना आणि वरही बघवेना. ज्योती पुढे झाली. "चल नहीं सकती, भैया. गाड़ी उधर से पकड़ो."

त्याने काठी भिंतीला टेकवली आणि गाडी धरली. वर पोचेपर्यंत सोडली नाही. मीही नाही.

*

रस्त्याच्या कडेला एक बाई मांडूची ती भोपळ्याएवढी गोरखचिंच विकत बसली होती. पाठीला फडक्यात तान्हं बांधलेलं. गाडी न्याहाळून म्हणाली, "हमारा तो पीठ पर ही है, बाबा. चक्का नहीं घिसता."

"पीठ घिसती है," मी म्हटलं.

बाई हसली. चिंचेचा एक तुकडा तिने अनूच्या हातात दिला. आंबट लागलं तशी अनूने सगळं तोंड वाकडं केलं, आणि आणखी मागितलं.

*

संध्याकाळी परत निघालो. वाटेत सिमेंटचा रस्ता लागला. गुळगुळीत, हलका उतार, गाडीघोडं काही नाही. कुणाची तरी पोरं हात पसरून खाली पळत सुटली होती. अनू त्यांच्याकडे बघत होती.

"आबा, सोडा."

"काय सोडू?"

"गाडी. सोडा ना."

मी खाली बसलो. फळी बघतो तसा एक डोळा मिटून उतार बघितला. चाकं फिरवून बघितली, तिचा पट्टा ओढून बघितला. युवराजला वीस पावलं खाली उभं केलं. ज्योतीचा हात दांड्यापर्यंत आला आणि तिने तो मागे घेतला.

मी सोडली.

गाडी सरळ गेली. युवराजने झेलली. खालून अनू ओरडली, "आबा, मी पळाले!"

मी खाली जाऊन गाडी वर ओढून आणली.

"पुन्हा," अनू म्हणाली.

चौथ्या खेपेला युवराज खालून म्हणाला, "आबा, पुरे आता. तुमचे गुडघे धरतील."

मी म्हटलं, "तू हात पसरून उभा राहा."