डोसा एक, चमचे दोन

मुलुंड पूर्वेच्या आमच्या जुन्या सोसायटीची स्मरणिका निघते आहे. समितीतल्या एका मुलाचा गेल्या आठवड्यात फोन आला. "काका, गणपतीतल्या फिशपॉंडवर तुम्हीच लिहा. काहीतरी खमंग हवं. आणि तळमजल्यावरच्या मावशींचा तो डोश्याचा फिशपॉंड टाकाच. बाबा अजून सांगतात."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून धड बसवत नाही. लिहायला बसतो, उठतो, बोरिवलीच्या या फ्लॅटच्या गॅलरीत जातो, खालच्या रिक्षा बघतो, परत येतो. सून विचारते, "बाबा, काही हवंय का?" काय सांगणार?

तो फिशपॉंड मावशींचा नव्हता.

पण सुरुवातीपासून सांगतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची सोसायटी मिठागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती, चार मजल्यांची. पाच दिवसांचा गणपती, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी फिशपॉंड. एका पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडलेली असायची. ज्याला ज्याची फिरकी घ्यायची असेल त्याने दोन ओळी लिहून, स्वतःचं नाव न घालता, चिठ्ठी आत टाकायची. मांडवात एकाने त्या मोठ्याने वाचायच्या. नियम एकच होता, ज्याच्या नावाने चिठ्ठी निघेल त्याने रागवायचं नाही. उभं राहून हसायचं.

वाचणारा मी होतो. डबा आधी घरी नेऊन चिठ्ठ्या चाळायच्या आणि बोचणाऱ्या फाडून टाकायच्या, हेही माझ्याकडेच होतं.

त्या दिवसांत 'खमंग' हा शब्द माझ्या तोंडात सारखा असे. कुणाचं भांडण खमंग, ऑफिसातल्या साहेबाचा किस्सा खमंग, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आणलेली नवी साडीसुद्धा खमंग. जिन्यात पोरं हाक मारायची, "काय काका, आज काय खमंग?" मला ते आवडायचं. दिवसभर कचेरीत जावक टपालाची नोंद करणाऱ्या माणसाला कुणीतरी ऐकायला थांबतं, हे काही थोडं नव्हतं.

मावशी मूळच्या मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, नंतर घरीच. त्या सतत बोलत. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा गॅस संपला, सगळं त्यांना ठाऊक. पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि ते सोसायटीत फक्त मला ठाऊक होतं. गावची पत्रं त्या पदराखाली लपवून आणत, मी वाचून दाखवी आणि उत्तरं लिहून देई. बाहेर मात्र त्या वर्तमानपत्र हातात धरून दारात बसत.

त्या वर्षी श्रावणात त्या आल्या तेव्हा पत्र नव्हतं. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "झिला, तुका म्हणून सांगतंय. खंय बोलू नको हां."

घाटकोपरला बहिणीकडे गेल्या असताना स्टेशनाजवळच्या उडप्याकडे चहाला शिरल्या. एकटी बाई म्हणून वेटरने फॅमिली रूमकडे बोट दाखवलं. "पडदो बाजूक केलंय तर समोर आपला दुसऱ्या माळ्यावरचा चेडू! चष्मेवाल्या झिलावांगडा. डोसो एकच, आणि दोघां खातत."

दुसऱ्या मजल्यावरची ती मुलगी घाटकोपरलाच नोकरी करायची. वडील कडक. मुलगा दुसऱ्या जातीचा होता. मावशींना बघून ती रडायलाच लागली म्हणे. गणपती झाले की वडिलांना सांगणार आहोत, तोवर कुणाला बोलू नका, असं तिने विनवलं होतं.

"बापाशीक सांगूचा काय नको, तूच सांग," मावशी म्हणाल्या.

"मुळीच नको," मी म्हणालो. "तिचं ती सांगेल."

हा सल्ला चांगला होता. तो माझाच होता, हे आज मलाही खरं वाटत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी डबा उघडला. सगळ्या चिठ्ठ्या मिळमिळीत. कुणाचं टक्कल, कुणाचं घोरणं. संध्याकाळी दोनशे माणसं समोर बसणार आणि मी हे वाचणार? मनात आलं, मावशींनी एव्हाना ही गोष्ट घरोघर पोचवलीच असणार. मावशीच त्या! मग आपण गंमत केली तर काय बिघडलं? डावीकडे झुकणारी अक्षरं काढून मी लिहिलं आणि चिठ्ठी इतरांत मिसळली. खरं तर वाचणारा मीच होतो, अक्षर बदलायची गरजच नव्हती. तरीही बदललं, म्हणजे मला कळत होतं.

मांडवात मी ती उघडली, भुवया उंचावल्या, तिचं नाव घेतलं आणि वाचलं:

डोसा एक, चमचे दोन,
फॅमिली रूमच्या पडद्याआड कोण?

असा हशा त्या मांडवात पूर्वी कधी झाला नव्हता. कुणी शिट्टी मारली, कुणी ओरडलं, "चटणी कुणी खाल्ली?" ती उभी राहिली. नियमच होता. ती हसली. हसताना तिने आधी मावशींकडे बघितलं. वडीलही हसले, कारण त्यांनाही हसणं भाग होतं. मग लोकांनी ठरवलं, ती हसली म्हणजे खरंच आहे.

विसर्जनाला ती खाली आली नाही. नोकरी सुटली. तिला कोल्हापूरला मामाकडे पाठवलं आणि मार्गशीर्षात तिकडच्याच एका मुलाशी लग्न लागलं. त्या लग्नात मी पंगतीत जिलबी वाढली. पुढे ती सुखात राहिली का, मला माहीत नाही.

चिठ्ठी मावशींनीच टाकली, हे जिन्यात ठरून गेलं. मुलीने आईला सांगितलं होतं की फक्त त्यांनीच पाहिलं. पुरावा आणखी कशाला हवा? मावशींनी एकच वाक्य म्हटलं असतं, मला लिहिताच येत नाही, तर प्रकरण मिटलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. मीही म्हणालो नाही.

संक्रांतीनंतर हळदीकुंकवं सुरू झाली. मावशी रोज संध्याकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात बसत. बायका त्यांच्या दारावरून ताटं घेऊन जात, आणि आत कुणी डोकावत नसे. माझी बायकोही तशीच गेली. मी जिन्यात उभा राहून बघितलं.

त्यानंतर एकदा त्या आंतर्देशीय पत्र घेऊन आल्या. भावाला लिहायचं होतं. सांगू लागल्या, "लिव, हयसर सगळी बरी आसत. शेजारी चांगले आसत." मी लिहिलं. "वाच," म्हणाल्या. मी वाचलं. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "डोश्याचा पण तूच लिवलंस मां?"

मी पेनाला टोपण लावलं.

"तुका सोडून मी कोणाक बोलाक नाय," त्या म्हणाल्या. "एकट्या तुका सांगितलंय."

"मावशी, मी सगळ्यांना सांगतो. आजच सांगतो."

"तुझी बायल पोटुशी आसा. आता तिका कित्याक तरास?" त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पदराखाली ठेवलं. "माझ्या तोंडातसून भायर पडला, तेवां निम्मा पाप माझा. माझ्या वाटणीचा मी बघतंय. तुझ्या वाटणीचा तू बघ."

त्या पुन्हा पत्र घेऊन आल्या नाहीत. कुणाकडून लिहून घेत, की पत्रंच बंद झाली, विचारायचं धाडस झालं नाही. मुलगा झाला. मग बारसं, मग बढती, मग बोरिवलीला जागा. प्रत्येक वेळी वाटे, आता सांगू. मावशी गेल्याची बातमी मला उशिरा कळली, तेव्हा खोटं नाही सांगत, क्षणभर हायसं वाटलं. मग इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

लोक हळूहळू राग विसरले, आणि 'मावशींचा फिशपॉंड' ही हसायची गोष्ट झाली. आता ती छापायची आहे.

काल समितीच्या मुलाला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, स्मरणिकेत असं कसं छापायचं? लोक हौसेने वाचतात हो. आपण तो डोश्याचा भागच काढून टाकू."

"काढलास तर लोक तोंडी सांगतच राहतील," मी म्हणालो. "मावशींच्या नावावर."

"पण त्यांच्या घरचं आता इथे कुणी राहत नाही. कुणाला फरक पडतो?"

"त्यांच्या दारावरून ज्या बायका ताटं घेऊन गेल्या, त्यातल्या चौघी अजून तिथे राहतात. तुझी आजी त्यातलीच."

तो म्हणाला, बैठकीत विचारून सांगतो.

अजून फोन आलेला नाही. मी लेखाची प्रत काढून ठेवली आहे. समितीने नाही म्हटलं तर रविवारी मुलुंडला जाईन आणि त्या चौघींच्या दारांवर थांबेन. जिना चढवत नाही, पण तळमजल्यापासून सुरुवात करता येईल.