घुमणारं कपाट

बाबांनी रेकॉर्ड लावली की डग्ग्याच्या प्रत्येक थापेबरोबर खोलीभर घूं घूं सुरू व्हायचं आणि वाढतच जायचं. शेवटी ते म्हणाले, "प्लेअर गेला कामातून. रेकॉर्डी देऊन टाक कुणाला तरी."

मी कपाटावर हात ठेवला. लाकूड थरथरत होतं. प्लेअर आणि दोन्ही स्पीकर एकाच कपाटावर मांडलेले. स्पीकरचा हादरा लाकडातून सुईपर्यंत पोचत होता, सुई तोही वाजवत होती आणि स्पीकर तो आणखी मोठा करून परत पाठवत होते. आमची भांडणंही अशीच चढतात. त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी आवाज चढवते, मी ओरडले म्हणून ते ओरडतात, आणि मूळ मुद्दा काय होता ते दोघांनाही आठवत नाही.

मी स्पीकर उचलून खाली दोन स्टुलांवर ठेवले. घुमणं थांबलं.

"प्लेअर ठणठणीत आहे, बाबा. रेकॉर्डी कुठेही जात नाहीत."

ते खूश झाले. "हुशार आहेस. आता जरा आवाज वाढव."

आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलंच होतं. कानाच्या डॉक्टरांकडे चला, हे त्यांना न ओरडता कसं सांगायचं, याचा विचार करत मी बटणावर बोटं ठेवून उभी राहिले.