दोन बोटं क्लचवर

सदर भागातल्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या वडिलांच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचा कार्बोरेटर त्यानं उघडला, पेट्रोलमध्ये धुतला, त्यातला पेट्रोल सोडणारा बारीक जेट उजेडाकडे धरला आणि एक डोळा मिटून त्याच्या छिद्रातून पाहिलं. गाडी स्टँडवर उभी असतानाही इंजिन चालू झालं, की त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर जायची. धूर फार येतो म्हणून मी कुरकुरलो, तरी त्यानं जास्त पेट्रोल सोडणारा मोठ्या भोकाचाच जेट बसवला.

"येऊ द्या धूर, भाऊ," तो म्हणाला. "पेट्रोल कमी पडलं का इंजिन लय गोड वाजते, अन् मंग एकदम जाम होते. चाक जाग्यावर थांबते. तवाच क्लच दाबला तर चाक सुटते, मानूस वाचते. गोड आवाज आला का मले भेव लागते."

रविवारी बायकोला मागे बसवून नरखेडला निघालो. काटोल मागे पडलं आणि आरशातला धूर विरळ होत होत दिसेनासा झाला. गाडी हलकी पळू लागली.

"अहो, आज किती गोड वाजून राहिली गाडी!" बायको माझ्या कानाशी म्हणाली.

माझी दोन बोटं क्लचवर गेली. आरशात आता धुराच्या जागी एक ट्रक दिसत होता.