टायरमधली फुली

दुष्काळाच्या साली आमच्याकडचे रस्ते नुसत्या खडीचे झाले होते, आणि माझ्या जुन्या मोटारीचा मागचा टायर पार गुळगुळीत. शाळा तपासायला पाथर्डीपर्यंत जावं लागे, म्हणून नगरला एका टायरवाल्याकडे गेलो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

वैद्यानं नाडी बघावी तसा तो डोळे मिटून टायरच्या आतून हात फिरवायचा. दुकानात टांगलेला एक जुना, पण काळाभोर टायर मला आवडला होता. तो म्हणाला, "त्यो नका घेऊ, सायेब. तुमच्याच टायरचं अंग चांगलं हाय. त्याच्यावर नवं रबर चढवू."

हे लोक चांगला टायर ठेवून घेतात आणि भलताच परत देतात, असं मी ऐकून होतो. तो पाणी आणायला आत गेला, तेवढ्यात मी टायरच्या आतल्या बाजूला खिळ्यानं दाबून फुली कोरली.

आठ दिवसांनी टायर घ्यायला गेलो आणि सहज बघितल्यासारखं करून आत डोकावलो. फुली नव्हती. त्या जागी ठिगळ होतं.

"खिळा पार रबराखालच्या दोऱ्यापर्यंत गेलता," तो हलक्या आवाजात म्हणाला. "खडीवर तिथंच फुटला असता." मग त्यानं टायर माझ्याकडे वळवला. ठिगळावर खडूनं फुली काढलेली होती.

"तुमची खून ऱ्हावी म्हनून."

तो टायर पुढे बरीच वर्षं चालला. पंक्चर काढायला मात्र मी दुसरीकडे जाऊ लागलो.