भाचीचे मामा आणि माझी बॅटरी

पनवेलच्या आमच्या सोसायटीत स्मार्टफोन आले तेव्हापासून माझे एक शेजारी कुणाचाही मोबाइल दिसला की हात पुढे करतात. "मागे किती अ‍ॅप उघडी ठेवलीत! बॅटरी खातात," म्हणत ताटातल्या मुंग्या झटकाव्यात तशी एकेक उडवतात. त्यांचा स्वतःचा मोबाइल मात्र दुपारीच मान टाकतो. टाकणारच. मागे एखादं अ‍ॅप उरलंय का, हे बघायला ते तो दिवसभर उघडत असतात.

त्यांच्या भाचीच्या लग्नाला आम्ही माझ्या गाडीतून आपट्यापुढच्या एका फार्महाउसवर निघालो. मुलीला बोहल्यावर मामा आणतो, म्हणून स्वारी फेटा बांधून ऐटीत. रस्ता बघायला माझा मोबाइल त्यांच्या हातात. मध्येच नकाशातली बाई बोलायची थांबली.

"मागे चालूच होती ती," ते म्हणाले. "बंद केली."

पुढे रेंजही गेली. शेताडीतून भटकत पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मामाच्या जागी कुणी लांबचे काका उभे राहिले होते. भाची रडवेल्या चेहऱ्यानं पाया पडली. मामांनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि दुसरा नवरदेवापुढे पसरला.

"बघू जावईबापू, तुमचा मोबाइल."