समेटाची बिडी

आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकाशी एक लिंबाचं झाड आहे. पेशंटला आत पोचवलं की घरची माणसं त्या झाडाखाली बसतात आणि पहिलं काम काय करतात, तर बिडी पेटवतात. क्रांती चौकातून रिक्षानं येताना तो धूर मला दुरूनच दिसतो आणि सकाळी सकाळी माझं डोकं फिरतं. सुरुवातीला मी थांबून चार शब्द सुनवायची. "बिडी काय येसन असतं व्हय, ताई?" असं म्हणून सगळे हसायचे. आता मी मुकाट आत जाते.

आत तरी कुठं सोनं लागलं होतं? गांजा सोडायला आलेल्यांना आमच्याकडंच चहानंतर बिडी मिळायची. मालकांचा हिशेब सोपा होता. "एका वेळी एकच सोडवायचं, मॅडम. बिडी बंद केली तर लोक भिंतीवरून उड्या टाकतील." मी तिथं समुपदेशक. मी परोपरीनं सांगायची, की आपल्या भागात गांजा सहसा कुणी नुसता ओढत नाही. बिडी मोकळी करतात, तिच्या तंबाखूत गांजा चुरतात आणि पुन्हा भरतात. बिडी हातात ठेवायची आणि गांजा तेवढा विसर म्हणायचं, हा कुठला न्याय? मालक मान डोलवायचे आणि बिडीचे बंडल मागवायचे.

अशात करमाडच्या पलीकडच्या वस्तीवरचा एक जण आला. घरी पूर्वी मेंढरांचा मोठा कळप होता, आता मोजकी राहिलेली. हा शेंद्र्याच्या एका कारखान्यात रोजंदारीवर जायचा. गांजापायी बायको लेकीला घेऊन माहेरी गेली होती, पैठणकडच्या एका गावात. सासऱ्यानं निरोप धाडला होता, गांजा सुटल्याबिगर पोरगी नांदायला येणार नाही. लेक नुकती बोलायला लागली होती. आपला चेहरा ती विसरून जाईल, याचीच त्याला धास्ती.

पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "ताई, दोन्ही बंद करा. बिडी हातात आली की ह्यो हात माझं ऐकत नाय. आपोआप गांजाची पुडी हुडकतो."

जे मी घसा कोरडा करून सांगत होते, ते या माणसाला कुणी न सांगता कळलं होतं. मी मालकांशी भांडून त्याला कोपऱ्यातली खोली मिळवून दिली, धूर पोचणार नाही अशी. मग त्याचे हाल सुरू झाले. घामानं कपडे भिजायचे, झोप लागली तर भलतीसलती स्वप्नं पडायची, एकदा त्यानं ताटच भिंतीवर फेकलं. डॉक्टरांनी दिलेलं निकोटिनचं च्युइंगम तो तोंड वाकडं करून चघळायचा. सगळ्यात वाईट म्हणजे रिकामे हात. मग त्याच्या आईला मी लोकर आणि चाती आणायला सांगितली. तो दिवसभर सूत कातत बसायचा. चाती फिरत असली की हात गप असतात, म्हणायचा. पुढं पुढं तो गुणगुणायलाही लागला. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

घरी गेल्यावरही तो टिकला. मग सासरी समेटाची बैठक ठरली आणि साक्षीला म्हणून मलाही बोलावलं. आम्ही एसटीनं गेलो. पुरुष सतरंजीवर, मी बायकांत, दारापाशी. त्याची बायको माझ्या शेजारीच बसली होती. आत तिची पिशवी भरून तयार होती आणि लेक त्या पिशवीवरच बसली होती. सगळं गोडीनं झालं. मी दोन शब्द बोलले, जावयाचं कौतुक केलं. गांजा सुटला, असं सासऱ्यानं चारचौघांत कबूल केलं.

मग त्यांनी बिडी काढली.

त्या घरात समेट असाच व्हायचा. थोरल्यानं बिडी पेटवायची, एक झुरका घ्यायचा आणि ज्याच्याशी वाद होता त्याच्या हातात द्यायची. त्यानं ओढली की वाद मिटला. "घ्या पाव्हणं."

"मामा, मी बिडीबी सोडली."

मी उठले, म्हटलं, "अहो, बिडीनंच त्याचा गांजा परत येईल. चहा द्या, गूळ द्या, वाद मिटला म्हणा." कुणीतरी फिस्सकन हसलं. सासऱ्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. ते जावयाला म्हणाले, "माझ्या हातची बिडी नको, तर माझी पोरगी तरी कशाला पायजे?"

त्यानं आत पाहिलं. लेक पिशवीवरून उतरून दारात आली होती. त्यानं बिडी घेतली. बैठकीला हायसं वाटलं, पोहे आले. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या, पण मी ते पोहे खाल्ले.

दिवाळीच्या आत तो पुन्हा आमच्या फाटकाशी उभा होता. सासराच जीपमधून घेऊन आला होता. मागच्या सीटवर बायको, तिच्या मांडीवर लेक आणि पायाशी तीच पिशवी.

"तुमच्या औषधाला गुण नाय, ताई," सासरा मला म्हणाला. "लई गांजा वढायला लागला. पोरीला मी घेऊन चाललो."

आणि लगेच सासऱ्यानंच खिशातून बिडी काढली, पेटवली, एक झुरका घेतला आणि जावयापुढं धरली. रागानं नव्हे, मायेनं. ती मायाच माझ्या डोक्यात जाते. "घ्या पाव्हणं. आत जायच्या आधी एवढी घ्या. मनात काय ठिवू नगा."

जावयानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकात एक घट्ट धरले. "नको, मामा."

"बघा ताई," सासरा म्हणाला, "मान ठिवायचं बी कळत नाय याला." पण बिडी त्यानं मागं घेतली नाही. तशीच धरून उभा राहिला.

जीपच्या खिडकीतून लेक हात हलवत होती. "बा, टाटा! बा!" ती पुन्हा पुन्हा ओरडत होती. तो तिच्याकडं बघत होता, मान हलवत होता. हात मात्र त्यानं पुढं आणले नाहीत.